निर्मीकाला संपादक लागत नाही

आम्ही सहा जण मिळून एक पुस्तक करतोय. तिघं जळगावचे, तिघं धुळ्याचे, म्हणून बैठका मधल्या पारोळ्यात. विषय आहे देव मानणारी, पण पोथी, पुजारी आणि चमत्कार न मानणारी माणसं. इंग्रजीत याला डीइझम म्हणतात. जग कुणीतरी निर्माण केलं, त्यानंच माणसाला बुद्धी दिली, तेव्हा मधल्या दलालाचं काम नाही, एवढंच त्याचं सार. प्रत्येकानं लिहायचं, ओळखीच्यांकडून लिहून घ्यायचं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, असं ठरलं होतं.

मागच्या बैठकीत भांडण झालं, माझ्या वहिनीच्या टिपणावरून.

तीन वर्षांपूर्वी माझा भाऊ गेला. वहिनीनं भाऊबंदांना स्पष्ट सांगितलं, भटजी येणार नाही, पिंडदान होणार नाही. गंधमुक्तीच्या दिवशी तिनं गावातल्या शाळेत वह्या वाटल्या. निम्मे भाऊबंद जेवायला आलेच नाहीत. पुढच्या श्रावणात मात्र तिनं कानबाईचे रोट केले. का केले, ते तिनं रेकॉर्डिंगमध्ये एका वाक्यात सांगितलंय: "रोट कराले माले कोनलेच इचारनं पडत नही."

आमच्यातले एक प्राध्यापक म्हणाले, हे डीइझममध्ये बसत नाही, कानबाई म्हणजे मूर्तिपूजा, वाचक गोंधळेल. दुसरा म्हणाला, ठेवू या, पण भाषा शुद्ध करून आणि नाव काढून.

दोघंही माझे मित्र आहेत. दोघांचंही साफ चुकतंय.

आधी 'बसत नाही' हे घ्या. बसतं की नाही हे ठरवायला आमच्याकडे कुठली मोजपट्टी आहे? थॉमस पेन? त्याच्या 'एज ऑफ रीझन'चा पहिला भाग १७९४ साली आला. त्याचा सारांश आम्ही पहिल्या प्रकरणात घेतलाय, घ्यायलाच हवा. पण मराठीत हा विचार उसना आणायची गरज नाही. पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' तरुणपणीच वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. १८८८ साली पक्षाघातानं उजवा हात गेल्यावर डाव्या हातानं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं. ते १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. देवाला त्यांनी नाव दिलं निर्मीक. त्यानंच केलेली फुलं त्यालाच वाहून काय मिळवता, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

मग फुल्यांच्या मोजपट्टीनंही वहिनी बाद होते, असं प्राध्यापक म्हणतील. थांबा. त्याच पुस्तकात फुले असं कुटुंब रंगवतात, ज्यात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी आहे, आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता प्रेमानं राहावं असं सांगतात. फुल्यांच्या घरात एवढी माणसं मावतात आणि आमच्या पुस्तकात एक रोट मावत नाही?

आणखी एक गोष्ट. ते पुस्तक प्रश्नोत्तरांचं आहे. वेगवेगळी माणसं नावानिशी प्रश्न विचारतात, उत्तरं जोतीराव देतात. १८९१ साली ते धाडसाचंच होतं. आज आपल्याला एक पाऊल पुढं जायचं असेल, तर उत्तरं देणारेही अनेक हवेत आणि त्यांचं आपसात पटलं नाही तर तेही छापलं पाहिजे. सहा जणांनी बसून 'खरा डीइस्ट कोण' हे ठरवायचं म्हणजे पुजारी हाकलून त्याच्या पाटावर आपण बसायचं.

आता भाषेचं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी जपली आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचं पुस्तक निघालं. ती गाणी कुणी 'शुद्ध' करून छापली असती, तर आज आपण ती वाचली असती का? खान्देशात राहून हे मला खान्देशातल्याच माणसांना सांगावं लागतंय, याची लाज वाटते.

राहिलं नाव. नाव काढा म्हणणाऱ्याचा हेतू चांगला आहे. वहिनीला त्रास होऊ नये असं त्याला वाटतं. पण त्रास होऊन गेलाय. जेवणाच्या रिकाम्या पंगतीसमोर ती एकटी उभी होती, आपण नव्हतो. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, आणि सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून पुढं चालल्या. १८०९ साली पेन गेला तेव्हा त्याला पोचवायला मोजकीच माणसं होती. या विचाराची किंमत प्रत्येक वेळी अशी घरात, मयतीत, पंगतीत मोजावी लागली आहे. ती मोजणाऱ्या बाईचं नाव काढायचं आणि सिद्धांत समजावणाऱ्या प्राध्यापकांचं नाव मुखपृष्ठावर छापायचं, हा कुठला न्याय? नाव ठेवायचं की काढायचं, हे तिला विचारा. मी विचारलं. ती म्हणाली, ठेवा.

प्राध्यापकांना कानबाई पटत नसेल तर त्यांनी तिच्या टिपणाखाली तसं लिहावं, हवी तेवढी पानं घ्यावीत, सही करावी. मी ते आनंदानं टाइप करीन. मलाही कानबाई पटत नाही. रोट मात्र मी दरवर्षी खातो.

येत्या रविवारी पुन्हा पारोळ्यात बसायचंय. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो: वहिनीचं टिपण तिच्या शब्दांत, तिच्या नावानं राहील. ते निघालं, तर माझंही काढा.