तासाभराच्या व्याख्यानाने अफवा थांबत नाही

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुलं पळवणारी टोळी’ ठरवून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठार मारले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अफवांनी लोकांची डोकी आधीच तापलेली होती.

नांदेडला अशा अफवांची झळ बसली ती निराळी. त्रिपुरातल्या मुस्लिमविरोधी हिंसाचाराच्या निषेधार्थ १२ नोव्हेंबर २०२१ रोजी राज्यात मोर्चे निघाले. अमरावती, मालेगाव आणि नांदेडला दगडफेक झाली. त्रिपुरात हिंसाचाराचे काही प्रकार घडले होते, हे खरेच. पण त्यांच्या जोडीने भलतीकडचे जुने फोटोही मोबाइलवर फिरत होते. खरे किती आणि भेसळ किती, हे पाहण्याची सवड कुणाला नव्हती.

असे काही घडले की प्रशासनाचे उपाय ठरलेले असतात. ग्रुप अ‍ॅडमिनला नोटीस, इंटरनेट बंद, आणि वातावरण निवळले की शाळा-कॉलेजात सायबर जागृतीचे एक व्याख्यान. अ‍ॅडमिनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितले आहे की, संगनमत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. इंटरनेट बंद केले की अफवेबरोबर तिचा खुलासाही अडतो आणि मोबाइलवरून पैसे घेणाऱ्या भाजीवाल्याचा धंदा बसतो. राहिले व्याख्यान. त्याचा उपयोग किती, हे संशोधकांनी मोजून पाहिले आहे.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमधील गया येथे बाराशेहून अधिक लोकांवर प्रयोग केला. त्यांतल्या काहींना खोटी बातमी कशी ओळखावी, याचे घरी जाऊन तासाभराचे प्रशिक्षण दिले. पुढे तपासले, तर एकंदरीत काहीच फरक पडलेला नव्हता. पण बद्रीनाथन आणि त्यांचे सहकारी तिथेच थांबले नाहीत. नंतर त्यांनी बिहारमध्येच सुमारे १३,५०० शाळकरी मुलांसोबत काम केले. या वेळी एका तासावर न भागवता अनेक आठवडे वर्ग घेतले. ही मुले खरे-खोटे ओळखण्यात सरस ठरली, काही महिन्यांनीही तो फरक टिकून होता आणि मुलांचे शिकणे आई-वडिलांपर्यंतही झिरपले.

लातूरकरांना हे नवे वाटू नये. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने राज्याला दाखवले ते हेच: एका भाषणाने निकाल लागत नाही, सराव, चाचणी, पुन्हा सराव लागतो. बारावी आणि नीटसाठी जे मान्य, ते फॉरवर्ड तपासण्यासाठी अमान्य का असावे?

मात्र सगळा भार वापरणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. २०१८ च्या हत्यांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच चॅटपुरताच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. अशा संदेशांचा प्रवाह त्यामुळे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनी म्हणाली. हा आकडा बाहेरच्या कुणाला पडताळता येत नाही. फेसबुकवर काय पसरते आहे, हे पाहण्यासाठी अभ्यासक आणि पत्रकार वापरत असलेले ‘क्राउडटँगल’ हे साधनही फेसबुकची मालक कंपनी मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. युरोपीय महासंघाने कायदा करून संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडील माहिती मागण्याचा हक्क दिला आहे. आपल्या २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार अधिकारी आहे, दरमहा अहवाल आहे. संशोधकाचा हक्क नाही. तो हवा.

दुसरी अडचण भाषेची. पुण्यातल्या ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने मराठीतला द्वेषमूलक मजकूर संगणकाला ओळखता यावा म्हणून २५ हजारांहून अधिक ट्वीट वर्गवार लावून ‘महाहेट’ हा संच तयार केला. काम मोलाचे आहे. पण देगलूर-बिलोलीच्या बोलण्यात तेलुगू मिसळते, उदगीर-देवणीत कन्नड; तांड्यावर गोरमाटी आणि जुन्या नांदेडात दखनी चालते. त्यातही पुष्कळ मजकूर इंग्रजी अक्षरांत टाइप होतो. प्रमाण मराठीवर तयार झालेल्या यंत्राला इथली शिवी कळेल आणि इथला टोमणा सुटेल, अशी शक्यता मोठी आहे.

इथला मजकूर अभ्यासण्याचे आणि मुलांना तो तपासायला शिकवण्याचे काम पुण्या-मुंबईने येऊन करावे, अशी वाट पाहण्याचे कारण नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून नांदेडला आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. विद्यार्थ्यांच्या राजीखुशीने, नावे आणि नंबर पुसून, इथल्या ग्रुपांवर काय फिरते याचा अभ्यास विद्यापीठाला करता येईल. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्हा परिषदांनी येत्या शैक्षणिक वर्षात काही शाळांतल्या आठवी-नववीसाठी फॉरवर्ड तपासण्याच्या सरावाला आठवड्याला एक तास द्यावा. काही शाळांत वर्ग घ्यावेत, काहींत न घेता तुलना करावी आणि निकाल, चांगला येवो की वाईट, जाहीर करावा. यासाठी नवी इमारत लागत नाही. दोन्ही जिल्हा परिषदांचे शिक्षण विभाग आणि विद्यापीठ यांना एकत्र बसून वेळापत्रक ठरवावे लागते.