आपले पथ्य, मुलांचे ताट

दुपारी कार्यालयात डबे उघडले की हल्ली एकच विषय : कोलेस्टेरॉल. चाळिशीतल्या आम्हा कारकुनांनी काळजी जरूर करावी. पोटे आमची सुटली आहेत. पण आपले पथ्य तीन वर्षांच्या मुलावर का लादायचे? हुमणातली सोय कमी, वास येतो म्हणून तारल्या बंद, आणि भूक लागली की चहा-बिस्किट!

तांबड्या भाजीतले कॅरोटीन स्निग्धांशाशिवाय अंगी नीट लागत नाही. त्यातूनच शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते आणि त्यामुळे श्वासनलिकेचे, आतड्याचे अस्तर धड राहते. रोगजंतूंना अडवणारी पहिली भिंत तीच. कुपोषण वाढले तर प्रतिकारपेशी घडवणारी थायमस ग्रंथीच आक्रसते. मूल आजारी पडते, जेवत नाही, आणखी खंगते.

"हे गोव्यात नाही हो," म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी वाचावी. पाच वर्षांखालची खुंटलेल्या वाढीची मुले गोव्यात २०१५-१६ साली २०.१ टक्के होती. २०१९-२१ च्या पाहणीत २५.८ टक्के. सगळा दोष तेलाचा नव्हे, आणि रोज तळणही नको. पण भाजीत चमचाभर तेल, ताटात तारली हवीच.

डाएट आपण करू. पोरांना जेवू द्या!