विश्लेषण : दिवाळी सरकली की आकडे का फसवतात?

ऑक्टोबर २०२३ मध्ये देशाचे औद्योगिक उत्पादन ११.७ टक्क्यांनी वाढल्याचे प्राथमिक आकडेवारीत दिसले. पुढच्याच महिन्यात ही वाढ २.४ टक्क्यांवर आली. महिनाभरात कारखान्यांना असे झाले तरी काय? बराचसा दोष कॅलेंडरचा. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होते, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. सुट्ट्या एका महिन्यातून दुसऱ्यात गेल्या. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केली की हंगामाचा परिणाम आपोआप निघून जातो, हा समज इथे कोलमडतो.

उपाय काय?

हंगामी समायोजन, म्हणजे दरवर्षी ठरावीक काळात येणारे चढउतार आकड्यांतून वेगळे काढणे. अमेरिकेच्या जनगणना विभागाची ‘एक्स-१३ अरिमा-सीट्स’ ही संगणकप्रणाली यासाठी अनेक देशांत वापरली जाते. पण प्रणालीत आकडे घातले की बाहेर सत्यच पडते, असे नाही.

मग तपासायचे कसे?

आलेख काढून, डोळ्यांनी. सर्वात उपयुक्त आलेखात बारा महिन्यांचे बारा कप्पे असतात. दीर्घकालीन कल वगळल्यावर त्या महिन्यात दरवर्षी काय उरले, त्याचे ठिपके प्रत्येक कप्प्यात मांडतात आणि त्यांतून हंगामी घटकाची रेषा जाते. ठिपके रेषेला चिकटून असतील तर घटकावर विसंबता येते. दिवाळीची वेगळी दखल घेतली नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचे कप्पे लगेच चुगली करतात. ज्या वर्षी एकातला ठिपका खाली, त्या वर्षी दुसऱ्यातला वर. एप्रिल २०२० चा, टाळेबंदीतला ठिपका तर तळाशी जाऊन बसतो. तो अपवाद म्हणून बाजूला काढला नाही, तर आसपासच्या वर्षांतल्या एप्रिलची रेषा तो खाली ओढतो.

दुसरा आलेख वर्णपटाचा. समायोजनानंतरही बारा, सहा किंवा चार महिन्यांच्या आवर्तनावर सुळका दिसला, तर हंगाम पुरता निघालेला नाही.

सामान्य वाचकाला हे काय कळणार, अशी शंका काढली जाते. षटकागणिक धावगतीचा आलेख वाचणाऱ्या देशात ती पटत नाही. या आकड्यांवर व्याजदराची चर्चा होते, शेअर बाजार हलतो. तेव्हा समायोजित आकडा आलेखांसह जाहीर व्हावा. नव्या महिन्याची भर पडली की मागचे समायोजित आकडेही बदलतात. ते किती बदलले, याचा आलेखही त्याच पानावर हवा, परिशिष्टात नव्हे.