कासवाच्या पाठीवरचे हसरे जग



एखादे पुस्तक आवडणे निराळे आणि एखाद्या पुस्तकमालेच्या प्रेमात पडणे निराळे. आवडलेले पुस्तक आपण वाचून कपाटात ठेवतो. मालेच्या प्रेमात पडलेला वाचक मात्र शेवटचे पान उलटण्याआधीच पुढच्या भागाच्या शोधाला लागतो. न्यूझीलंडमधील मराठी घरांतूनही अशी मुले असतात. ती पुस्तकात डोके खुपसून बसतात, मध्येच खुदकन हसतात आणि जेवायला दोन हाका मारल्या तरी उठत नाहीत. मग घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "एवढा वेळ अभ्यासाला दिला असता तर!" ही तक्रार कितपत योग्य आहे, याचा आज विचार करू.

टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची 'डिस्कवर्ल्ड' ही माला अशा वेड लावणाऱ्या मालांपैकी एक. 'द कलर ऑफ मॅजिक' हा तिचा पहिला भाग १९८३ साली निघाला. प्रॅचेट १२ मार्च २०१५ रोजी वारले आणि त्याच वर्षी 'द शेफर्ड्स क्राउन' हा शेवटचा भाग प्रसिद्ध झाला. बत्तीस वर्षांत एकूण ४१ कादंबऱ्या! आपल्याला अल्झायमरचा विकार जडल्याचे त्यांनी २००७ साली जाहीर केले, पण त्यानंतरही ते लिहीत राहिले.

या मालेतील पृथ्वी गोल नाही. ती थाळीसारखी चपटी आहे. चार हत्तींनी ती पाठीवर तोलली आहे, ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे आहेत, आणि ते कासव तारांगणात पोहत चालले आहे. हे वाचून मराठी माणसाला परके का वाटावे? समुद्रमंथनात मंदार पर्वत पाठीवर घेणारा कूर्म आपल्याला ठाऊक आहे, आठ दिशा सांभाळणारे दिग्गजही ठाऊक आहेत. महाराष्ट्रातील कितीतरी देवळांत देवासमोर दगडी कासव असते. तेव्हा नातवंड असे पुस्तक घेऊन बसले, तर आजीने त्याला आपल्या कासवाची गोष्ट खुशाल सांगावी. दोघांचे कासव एकाच कुळातले आहे.

पण ही माला केवळ गमतीची नाही. हसवता हसवता ती शहाणपणाच्या चार गोष्टी सांगून जाते. 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) या भागात सॅम व्हाइम्स नावाचा पोलीस अधिकारी बुटांचा हिशेब मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरचे, ते वर्षानुवर्षे टिकतात. गरिबाला परवडतात दहा डॉलरचे, आणि ते एकदोन हंगामांत गळू लागतात. दहा वर्षांत गरिबाचे शंभर डॉलर खर्च होतात, आणि पाय ओले ते ओलेच! गरिबी माणसाला महाग कशी पडते, हे एवढ्या सोप्या शब्दांत शाळेच्या पुस्तकात क्वचितच सापडेल.

'द वी फ्री मेन' (२००३) मध्ये नऊ वर्षांची टिफनी परीराणीने पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते. हातात शस्त्र कोणते, तर स्वयंपाकघरातला लोखंडी तवा. घरातल्याच वस्तूने आणि स्वतःच्या डोक्याने संकटाला तोंड देता येते, हे आपल्या मुलींनी वाचावे असे कोणाला वाटणार नाही?

स्वतः प्रॅचेट आपल्या शिक्षणाचे श्रेय शाळेपेक्षा बीकन्सफील्ड गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला देत. लांबलचक माला विकत घेणे सर्वांना परवडत नाही, म्हणून ग्रंथालयाचे महत्त्व मोठे. ऑकलंडच्या ग्रंथालयांनी तर २०२१ साली उशिराचा दंडही बंद केला. अशा सोयीचा लाभ आपल्या मुलांनी भरपूर घ्यावा.

एक खंत मात्र उरते. ही सारी मौज मुले इंग्रजीत लुटतात. हसण्याची भाषा इंग्रजी आणि दटावण्याची भाषा मराठी अशी वाटणी घरात होऊ लागली, तर मूल कोणत्या भाषेकडे वळेल हे सांगायला नको. माओरी बांधवांनी हे ओळखले. २०२० साली हॅरी पॉटरचा पहिला भाग लिऑन हेकेतू ब्लेक यांच्या अनुवादातून माओरी भाषेत आला. शंभर पुस्तके माओरीत आणण्याच्या संकल्पातील ते एक पुस्तक. मुलांचे लाडके पुस्तक हिरावून न घेता त्यांनी तेच आपल्या भाषेत आणले.

आपण तर याहून सुदैवी आहोत. हॅरी पॉटर मराठीतही आहे. शिवाय भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आहे, ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आहे, चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आहेत. फुरसुंगीच्या बनेश फेणेची तर एकामागून एक वीस पुस्तके! पण कपाटातले पुस्तक आपण होऊन मुलाच्या हाती येत नाही. ते कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे लागते.

येथे पुन्हा व्हाइम्सकडेच वळावे. 'थड!' (२००५) या भागात शहरात दंगल पेटण्याची वेळ आलेली असते, तरी हा पोलीस अधिकारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला घरी पोहोचतो, कारण तान्ह्या मुलाला गोष्ट वाचून दाखवायची असते. त्या वेळेला तो कधी चुकू इच्छित नाही. आज एक दिवस चुकला, तर उद्याही चुकायला निमित्त मिळेल, हे तो जाणतो.

आपल्यापुढे दंगल नाही. असते ती थकवा आणणारी नोकरी आणि हातातला फोन. तेव्हा मुलांच्या इंग्रजी मालेवर राग धरू नका. आज त्यात काय झाले, ते त्यांना मराठीत सांगायला लावा आणि आजी-आजोबांना ते ऐकू द्या. मग आपल्या भाषेतले एक प्रकरण तुम्ही वाचून दाखवा. पंधरा मिनिटे पुरेत, पण वेळ ठरलेली असावी. ज्या घरात तीन पिढ्या एकाच विनोदाला मराठीत हसतात, तेथे भाषा टिकवा म्हणून कोणाला उपदेश करावा लागत नाही.