ख्याल ऐकणाऱ्यांनो, इकडेही जरा कान द्या

मुलुंडच्या कालिदासात किंवा पार्ल्याच्या दीनानाथमध्ये बसून जो माणूस पाऊण तास विलंबित ख्याल ऐकतो, त्याने ‘जॅझ आपल्याला नाही हो कळत’ म्हणावं, हे मला पटत नाही. लग्नाच्या रिसेप्शनला ढोलकीवर कीबोर्ड चढवून ‘फ्युजन’ म्हणून जे वाजवतात त्यावरून मत बनवलं असेल, तर गोष्ट वेगळी. ते मलाही ऐकवत नाही. मी म्हणतोय ते 1969 पासूनच्या काही अल्बमांबद्दल. त्यांत वादक आधी ठरवून फार थोडं आणतात, बाकीचं वाजवता वाजवता सुचतं आणि घाई कुणालाच नसते. बढत ऐकायची सवय असलेल्या कानाला त्यात परकं फारसं काही नाही.

सुरुवात आपल्या माणसांपासून करा. ठुमरीवाल्या शोभा गुर्टू बेळगावात जन्मल्या. त्यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू 1951 साली मुंबईत. तबल्यावर वाढलेला हा मुलगा पुढे युरोपात ड्रमवादक म्हणून नावाजला, आणि 1988 साली स्वतःच्या नावाचा ‘उसफ्रेत’ हा अल्बम काढताना त्याने गायला बोलावलं ते आईला. त्यातला ‘शोभारॉक’ आधी लावा. ओळखीचा आवाज अनोळखी तालवाद्यांमधून वाट काढतो, आणि त्या वाद्यांना बिचकायचं कारणच उरत नाही. मग ‘लाइव्ह ॲट द रॉयल फेस्टिव्हल हॉल’ घ्या. 1989 साली लंडनमध्ये झालेली ही मैफल, जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार, काय एकहार्टचा बास आणि त्रिलोक. पाण्याची बादली हे त्रिलोकचं नेहमीचं वाद्य. वाजवलेली झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर घसरत खाली येतो. यूट्यूबवर असलं काही पाहिलं की लोक ‘गंमत आहे’ म्हणतात. डोळे मिटून ऐका, ती मींड आहे.

आता ऐकायचं कसं, ते सांगतो, कारण निम्मे लोक इथेच माघार घेतात. लोकलमध्ये हे ऐकू नका. बोरिवलीहून सुटलेल्या गाडीत अशा संगीतातले हळुवार भाग ऐकूच येत नाहीत, मग आवाज वाढवावा लागतो, आणि जोराचा भाग आला की कान दुखतात. घरी, रात्री, शेजारच्यांचा टीव्ही बंद झाल्यावर ऐका. साधे हेडफोन पुरतात, महागडी साउंड सिस्टिम लागत नाही. ॲपमधलं शफल बंद करा, आणि एका गाण्यात दुसरं मिसळणारा क्रॉसफेडही. गाण्यांची तयार यादी देणारं ॲप लांब रचना टाळून चार मिनिटांचे तुकडे पुढे करतं. आलाप वगळून फक्त द्रुत ऐकवणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल?

हे जमलं की माइल्स डेव्हिसचा ‘इन अ सायलेंट वे’ लावा. 18 फेब्रुवारी 1969 रोजी न्यूयॉर्कमध्ये एका दिवसात वाजवलेला, दोन बाजूंचा, पुरता अडतीस मिनिटांचा. शीर्षकरचना मुळात जो झाविनुलची. तिच्यात कॉर्ड पुष्कळ होते. माइल्सने ते काढून टाकले आणि खाली एकच सूर धरून ठेवायला लावला. तानपुऱ्याचा षड्ज लागलेला असताना गवय्याला जी मोकळीक मिळते, ती इथे गिटारला मिळाली आहे. दुसरी गोष्ट संपादनाची. निर्माता टिओ मॅसेरो याने टेप कापून सुरुवातीचा शांत भाग शेवटी पुन्हा जोडला. शुद्धतावादी याला फसवणूक म्हणतील. मला मात्र तो मुखड्यावर परत येण्यासारखाच वाटतो, फक्त कात्रीने घेतलेला.

या अल्बमवर गिटार वाजवणारा मॅकलॉफ्लिन तेव्हा नुकताच न्यूयॉर्कला आला होता. सहा वर्षांनी तो आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ या गटात होता, व्हायोलिनला एल. शंकर, घटमला विक्कू विनायकराम. शक्तीसाठी त्याने खास गिटार बनवून घेतली. तिला तरफेच्या तारा होत्या आणि पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं होतं, म्हणजे तार दाबून सूर ओढता येतो. पहिला अल्बम 1975 च्या एका मैफलीचा, 1976 साली निघालेला. ‘जॉय’ या पहिल्याच रचनेच्या वेगाने दमछाक होते. म्हणून ‘लोटस फीट’ आधी ऐका, पाच मिनिटांच्या आतली आणि संथ. ती आवडली तर शेवटची, जवळपास अर्ध्या तासाची रचना तुमची झालीच.

ज्यांना वेग नकोच, त्यांच्यासाठी झाकीरभाईंचा ‘मेकिंग म्युझिक’ आहे (1987). हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि नॉर्वेच्या यान गार्बारेकचा सॅक्सोफोन ऑस्लोच्या एका स्टुडिओत समोरासमोर बसले. दोन्ही वाद्यांना श्वास लागतो, म्हणून दोघेही थांबतात, आणि त्या थांबण्यातच अल्बमचा निम्मा ऐवज आहे. मला विचाराल तर पावसाळ्यात हाच.

शक्तीच्याच पुढच्या अवताराचा, मुंबईत डिसेंबर 2000 मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ही तुमच्या कानावर घालतील कुणी. चांगला आहे, पण पाहुणे फार. त्यातला शिवकुमार शर्मांचं संतूर असलेला ‘शृंगार’ तेवढा पूर्ण ऐका, वीस मिनिटांहून जास्त आहे, अधेमधे उठू नका. अलीकडचं हवं तर 2023 चा ‘ॲज वी स्पीक’ घ्या. राकेश चौरसियांची बासरी, बेला फ्लेकचा बॅन्जो, एडगर मेयरचा डबल बास आणि झाकीर. 2024 चं ग्रॅमी मिळालेला हा अल्बम घरातल्या कॉलेजवाल्यांबरोबर ऐकायला सोपा.

माइल्सच्याच ‘बिचेस ब्रू’चं नाव घेतल्याशिवाय जॅझवाले लोक तुम्हाला सोडणार नाहीत. 1970 चा तो अल्बम मोठा आहे यात वाद नाही, पण पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नका. दाट आहे आणि पहिल्यांदा ऐकताना धरायला सूर सापडत नाही. ‘इन अ सायलेंट वे’ पाच-सात वेळा ऐकून झालं, त्यातल्या बासची ओळ भांडी घासताना तोंडात यायला लागली, की मग लावा. तेव्हाही चारही बाजू एका बैठकीत संपवायचा हट्ट नको, एका रात्री एक बाजू पुष्कळ झाली.