विश्लेषण : एका यंत्रावर अख्खी बाजारपेठ गार? ‘डिस्ट्रिक्ट कूलिंग’ मानवतसारख्या शहराला परवडेल का?

एप्रिल-मे महिन्यांत परभणी जिल्ह्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. मानवतच्या बाजारपेठेत दुकाने, पतसंस्था, बँका, दवाखाने यांच्या भिंतींवर एसीची खोकी वाढत चालली आहेत. प्रत्येक खोके आतली उष्णता रस्त्यावर फेकते आणि दुपारी डीपीवर भार टाकते. मोठ्या शहरांत यावर ‘डिस्ट्रिक्ट कूलिंग’ हा उपाय सांगितला जातो. तो नेमका काय आहे आणि तीस हजारांच्या घरात लोकसंख्या असलेल्या तालुक्याच्या गावी त्याचा उपयोग किती, याविषयी...

डिस्ट्रिक्ट कूलिंग म्हणजे काय?

नळयोजनेसारखीच ही योजना आहे. फरक एवढाच, की नळातून पिण्याचे पाणी नव्हे, तर थंडावा पुरवला जातो. एका ठिकाणी मोठा प्रकल्प असतो. तिथे पाणी ५ ते ६ अंशांपर्यंत थंड करून जमिनीखालच्या उष्णतारोधक नळांतून इमारतींना पाठवतात. इमारतीतली उष्णता घेऊन ते १२ ते १४ अंशांवर परत येते आणि पुन्हा थंड केले जाते. इमारतीला स्वतःचे कॉम्प्रेसर लागत नाहीत. मीटर बसवून वापरलेल्या थंडाव्याचे बिल आकारतात.

थंडावा ‘टना’त मोजतात. दुकानदार दीड टनाचा एसी म्हणतो, तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता ओढण्याची क्षमता म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांवर थंडावा विकण्याच्या काळातले हे माप आजही टिकून आहे.

ही कल्पना आली कुठून?

सुरुवात उलट्या गरजेतून झाली. थंड देशांत इमारती उबदार ठेवण्यासाठी एका भट्टीतून अनेक घरांना वाफ पुरवली जाऊ लागली. न्यूयॉर्कमधील वाफेचे जाळे १८८२ पासून सुरू आहे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये जवळपास सर्व इमारतींना अशाच जाळ्यातून ऊब मिळते. पुढे त्याच धर्तीवर थंड पाण्याची जाळी आली. पॅरिसमध्ये सीन नदीच्या पाण्याची मदत घेऊन लूव्र संग्रहालयासह शेकडो इमारती थंड केल्या जातात. दुबई आणि सिंगापूरचा मरिना बे परिसर ही आणखी ठळक उदाहरणे.

भारतात हे कुठे आहे?

गांधीनगरजवळच्या ‘गिफ्ट सिटी’त देशातील पहिली डिस्ट्रिक्ट कूलिंग यंत्रणा २०१५ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता १० हजार टन होती. तिथे इमारती उभ्या राहण्याआधीच जमिनीखाली बोगदा बांधून त्यात वीज, पाणी आणि थंड पाण्याचे नळ टाकण्याची सोय झाली. नंतर रस्ते फोडावे लागले नाहीत.

महाराष्ट्रातील ठाणे आणि पुणे या शहरांचा विचारही झाला होता. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने देशातील ज्या पाच शहरांत या यंत्रणेला किती वाव आहे हे तपासले, त्यांत भोपाळ, कोइम्बतूर, राजकोट यांच्यासोबत ही दोन शहरे होती. केंद्र सरकारच्या मार्च २०१९ मधील ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’मध्ये २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची गरज २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी सुचवलेल्या मार्गांत डिस्ट्रिक्ट कूलिंगही आहे.

वीज खरेच वाचते का?

वाचते, पण अटी आहेत. कडक उन्हात साधा एसी एका टनामागे साधारण एक ते सव्वा किलोवॉट वीज ओढतो. पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या यंत्राला सुमारे ०.६ किलोवॉट लागते. पंप आणि कूलिंग टॉवरची वीज धरली तरी हा आकडा ०.८ ते ०.९ च्या आसपास राहतो.

दुसरा फायदा वेळेचा. बँकेची गरज दुपारी, दवाखान्याची दिवसरात्र, मंगल कार्यालयाची संध्याकाळी. सगळ्यांची कमाल गरज एकाच वेळी येत नसल्याने सामायिक यंत्र लहान चालते. शिवाय वीज स्वस्त असताना पाणी थंड करून टाकीत साठवता येते आणि महाग वेळेत वापरता येते. केंद्राच्या २०२३ च्या वीज ग्राहक नियमांनी सौर तासांत दर कमी आणि कमाल मागणीच्या वेळी जास्त ठेवण्याची दिशा दिली आहे. त्यामुळे ही साठवण अधिक मोलाची ठरते.

मग मानवतमध्ये अडचण काय?

पहिली अडचण घनतेची. नळ टाकण्याचा खर्च मीटरमागे ठरतो आणि वसुली टनामागे होते. दोन मोठ्या ग्राहकांत अर्धा किलोमीटर अंतर असेल, तर खर्च निघत नाही. गिफ्ट सिटीत एकेका मनोऱ्याची गरज शेकडो टन असू शकते. मोंढ्यातल्या दुकानाची गरज दीड-दोन टन, तीही वर्षातले तीन-चार महिने. हजार टनांचा प्रकल्प भरायला दीड टनाचे साडेसहाशेहून अधिक एसी एकाच परिसरात हवेत. ग्राहक कमी असतील तर अर्धवट भारावर चालणारे यंत्र आणि सतत फिरणारे पंप मिळून वाचवलेली वीज खाऊन टाकतात.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ती पाण्याची.

पाणी किती लागेल?

नळातले थंड पाणी तेच ते फिरत राहते. ते वाया जात नाही. मात्र इमारतींतून गोळा केलेली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ करावी लागते. एक टन थंडावा तासभर दिला की साधारण सहा लिटर पाणी उडून जाते.

हिशेब सोपा आहे. हजार टनांचा प्रकल्प पूर्ण भारावर दहा तास चालला, तर दिवसाला ६० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर हवेत जातात. शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी १३५ लिटर धरला, तर हे सुमारे साडेचारशे माणसांचे रोजचे पाणी. क्षार साचू नयेत म्हणून टॉवरमधले काही पाणी बदलावे लागते, ते वेगळेच.

गोदावरी आणि दुधनेच्या मधल्या या पट्ट्यात नद्या दूर नाहीत. पण उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची पाळी लांबते, तेव्हाच थंडाव्याची मागणी सर्वाधिक असते. म्हणून प्रक्रिया केलेले सांडपाणी हाच प्रामाणिक स्रोत. सांडपाणी केंद्राशिवाय असा प्रकल्प मांडणे म्हणजे पिण्याच्या पाण्यावर एसी चालवणे होय.

पऱ्हाट्यांवर थंडावा शक्य आहे का?

हा प्रश्न कापसाच्या पट्ट्यात स्वाभाविक आहे. विजेऐवजी उष्णतेवर चालणारी, लिथियम ब्रोमाइड वापरणारी शीतयंत्रे असतात आणि ती पुण्यातही बनतात. वेचणी संपल्यावर शेतातल्या पऱ्हाट्या बऱ्याचदा जाळल्याच जातात. त्या बॉयलरमध्ये वापरून थंडावा तयार करता येतो आणि त्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावरच येतो, हे सोयीचे. पण ही यंत्रे विजेच्या यंत्रांपेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकतात, म्हणजे पाणीही जास्त लागते. शिवाय इंधनाची साठवण, बॉयलर चालवणारी प्रशिक्षित माणसे आणि धूर नियंत्रण यांचा खर्च आहेच.

दर कोण ठरवणार?

विजेच्या दरासाठी राज्यात नियामक आयोग आहे. थंड पाण्याच्या दरासाठी तसा आयोग नाही. एकदा इमारत जाळ्याला जोडली की पुरवठादार एकच, बदलायची सोय नाही. बिलात वापराच्या आकारासोबत क्षमतेचा स्थिर आकार असतो. दुकान महिनाभर बंद ठेवले तरी तो भरावा लागतो. छोट्या व्यापाऱ्यासाठी वर्षातले आठ महिने न लागणाऱ्या सेवेचे बारा महिने पैसे, असा हा व्यवहार होऊ शकतो.

मग या कल्पनेचा उपयोग कुठे?

जिथे मालक एक, इमारती जवळजवळ आणि गरज बारमाही आहे, तिथे. परभणीतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, नवे न्यायालय संकुल, प्रशासकीय इमारतींचा समूह अशा ठिकाणी प्रत्येक खोलीला वेगळा एसी लावण्याऐवजी एक सामायिक प्रकल्प हिशेबात बसू शकतो. मात्र तो आराखड्यातच हवा. इमारत उभी राहिल्यावर निविदा काढली, तर फरशी फोडण्यापासून सुरुवात होते.

बाजारपेठेसाठी पहिला खर्च उष्णता आत येऊच न देण्यावर हवा. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरे पांढऱ्या मातीच्या जाड थरामुळे आतून गार राहत. त्यांच्या जागी आलेले पत्रे आणि उघडे स्लॅब दिवसभर तापतात. तेलंगणाने २०२३ मध्ये उष्णता परतवणाऱ्या छतांसाठी स्वतंत्र धोरण आणले. चुन्याची किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाची छते, खिडक्यांवर सावली आणि रस्त्याकडेची झाडे यांचा फायदा एसी न परवडणाऱ्या घरालाही होतो. डिस्ट्रिक्ट कूलिंगचा तसा होत नाही, कारण नळ फक्त बिल भरू शकणाऱ्या इमारतीपर्यंत जातो.

उद्या एखाद्या कंपनीने नगरपालिकेपुढे असे सादरीकरण केले, तर नगरसेवकांनी चार प्रश्न विचारावेत : पाणी कुठले, पहिल्या वर्षी जोडले जाणारे पक्के ग्राहक किती, ते आले नाहीत तर तोटा कोणाचा आणि स्थिर आकार कोण ठरवणार? चारही उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय रस्ता खोदू देऊ नये.