पसंतीची पहिली ओळ

जुलै लागला की पुणेकरांचे कान खडकवासल्याकडे लागतात. धरणातून मुठेत पाणी सोडल्याची बातमी येते, भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि लकडी पुलाच्या कठड्याशी माणसे उभी राहून तांबूस, घुसळत जाणाऱ्या लोंढ्याकडे बघत राहतात. पालख्या शहर ओलांडून पुढे गेलेल्या असतात, गुरुपौर्णिमेची फुले बाजारात येतात, आणि याच दिवसांत महाराष्ट्रातल्या घराघरांतून एक निराळी लगबग सुरू असते. देव्हाऱ्यात सीईटीच्या निकालाचा कागद ठेवलेला असतो, त्यावर हळदीकुंकू वाहिलेले असते, आणि समईपासून चार हातांवर, मोबाइलच्या उजेडात, घरातली मंडळी अभियांत्रिकी प्रवेशाचा पसंतीक्रम जुळवत बसलेली असतात. मागच्या वर्षीचे कटऑफ कुणी वाचून दाखवतो, मामांचा फोन येतो, शेजारच्या ताई आपल्या मुलाचा अनुभव सांगून जातात. ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. पण घरातला सारा वाद, सारा जिव्हाळा आणि सारी धास्ती गोळा होते ती वरच्या चार-दोन ओळींभोवती.

आणि त्यातही पहिली ओळ सर्वांत जड. ती जागा पहिल्याच फेरीत मिळाली तर प्रवेश तिथेच गोठतो, पुढच्या फेऱ्यांची दारे मिटतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपण इतक्या लवकर इतका पक्का शब्द द्यायला सांगतो. म्हणून तो शब्द कुणाचा, हे दरवर्षी या दिवसांत आपण स्वतःला विचारायला हवे.

या दिवसांतच १२ जुलै येतो. १९६१ साली या तारखेला पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही भेदले, आणि नदीकाठचे पुणे पाण्यात गेले. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत पाणी कुठवर चढले होते, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. पण आजीच्या तोंडून ती गोष्ट ऐकलेली नातवंडे आज ऑप्शन फॉर्म भरण्याच्या वयाची झाली आहेत. धरणाचे काम सर्वांगाने पुरे होण्याआधीच त्यात पाणी साठले होते. मातीचा भराव, त्याखालून जाणारी विसर्गाची मोरी, तिच्यावर पडणारा भार, पावसाचा अंदाज, ही सारी सिव्हिल शाखेच्या पाठ्यपुस्तकांतली प्रकरणे आहेत. त्यांतले एक कच्चे राहिले की काय होते, ते या शहराने एका दुपारी पाहिले. शाखा निवडणे म्हणजे पुढे अशा कुठल्या तरी प्रकरणाची राखण आपल्या अंगावर घेणे, ही गोष्ट कटऑफच्या तक्त्यात कुठेच लिहिलेली नसते.

खडकवासल्याची आठवण निघाली की आणखी एका विद्यार्थ्याची आठवण अटळ आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८१ साली बंगळुरूला बी. ए. झाले आणि म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अभियांत्रिकी शिकायला पुण्याला आले. दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण होऊन ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. धरणाची भिंत न वाढवता पाणीसाठा वाढवणारे, ठरावीक पातळी ओलांडली की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी कल्पिले आणि १९०३ मध्ये ते खडकवासल्याला बसवले गेले. ज्यांची जयंती आपण १५ सप्टेंबरला अभियंता दिन म्हणून साजरी करतो, ते हे गृहस्थ. १२ जुलै १९६१ ला ते हयात होते, शंभरी पार केलेले. तारुण्यात ज्या धरणासाठी बुद्धी वेचली ते फुटल्याची वार्ता ऐकून त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच करावी.

ते जिथे शिकले ती संस्था आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ या नावाने शिवाजीनगरला, संगमाजवळ उभी आहे. १८५४ साली तिचा आरंभ झाला तो बांधकाम खात्याला हाताखालची माणसे तयार करून देणारा एक वर्ग म्हणून. रस्ते, कालवे, पूल, लोहमार्ग यांची कामे निघाली होती आणि ती समजणारी माणसे हवी होती. पुढे कारखाने आले तशी मेकॅनिकल शाखा आली, वीज आली तशी इलेक्ट्रिकल, स्वातंत्र्याच्या सुमारास मेटलर्जी, मग दूरसंचार, इन्स्ट्रुमेंटेशन, कॉम्प्युटर, आणि आता यंत्रमानव व कृत्रिम बुद्धिमत्ता. २०२२ मध्ये महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले. शाखांची ही यादी वाचताना देशाच्या गरजांची वंशावळच वाचल्यासारखे वाटते. प्रत्येक पिढीला जे अडले, त्याची एक शाखा झाली. आणि आधीच्या पिढीची अडचण संपली म्हणून कुठली जुनी शाखा निरुपयोगी ठरली, असे मात्र घडले नाही. पूल अजूनही पडतात, गंज अजूनही लोखंड खातो.

आज ओढा कॉम्प्युटरकडे आहे. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या संस्थांमधल्या प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली आणि या शाखेच्या जागा वाढत गेल्या. या ओढ्याला नावे ठेवणे आपल्याला शोभणार नाही. ज्या घराने शेत गहाण टाकून किंवा पगारातून पै पै काढून शिकवणीची फी भरली, त्या घराने पहिल्या नोकरीचा विचार करावा हे रास्तच आहे. आणि ज्याला रात्री जागून प्रोग्राममधली चूक शोधण्यात आनंद मिळतो, त्याने ती शाखा घ्यावी, अभिमानाने घ्यावी. नदीच्या पुराचा अंदाजही आता संगणकाच्या प्रतिमानांतूनच बांधला जातो. काळजी वाटते ती वेगळ्या मुलाची. जो सुट्टीत मिक्सर उघडून पुन्हा जोडत होता, जी गल्लीतल्या बांधकामावर गवंड्याच्या ओळंब्याकडे तासन्‌तास पाहत होती, त्यांच्या फॉर्मवरही पहिल्या ओळीत तेच एक नाव येते, कारण पर्सेंटाइल चांगले आहे आणि मिळते आहे तर सोडायचे कशाला, असा आपला हिशेब असतो. गुण वाया जाऊ नयेत म्हणून आपण कल वाया घालवतो.

मेटलर्जीच्या प्रयोगशाळेत लोखंडाचा एक तुकडा घासून, चकचकीत करून, आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, तेव्हा त्यातले कण फरशीच्या नक्षीसारखे उमटतात. तोच तुकडा तापवून पाण्यात विझवला की नक्षी बदलते, आणि नक्षीबरोबर लोखंडाचा स्वभावही. गावातला लोहार हेच पिढ्यान्‌पिढ्या हाताने जाणत आला आहे. हे एकदा पाहिलेले किती मुलगे-मुली आपल्याकडे फॉर्म भरतात? शाखेचे नाव आणि कटऑफचा आकडा, एवढ्याच ओळखीवर आपण चार वर्षांचा संसार ठरवतो. लग्न ठरवतानासुद्धा आपण याहून अधिक चौकशी करतो.

दिलासा देणाऱ्या गोष्टीही आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य शाखेच्या जोडीला दुसऱ्या शाखेतले विषय ‘मायनर’ म्हणून घेता येतात. सिव्हिलच्या विद्यार्थ्याला संगणक शिकण्याचे दार बंद नाही. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४ पासून पूर्ण माफ केले आहे. तेव्हा मुलगी आहे, जवळच्या कॉलेजात मिळेल ती शाखा घेऊ दे, हे वाक्य तरी आता आपल्या घरांतून उठावे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यांत लेथला झेंडूची माळ पडते, पान्या-हातोड्यांना गंध लागते. हत्यारापुढे हात जोडण्याची ही रीत आपण आजवर सोडलेली नाही. ज्या हत्यारापुढे मनापासून हात जोडले जातील, तेच मुलांना निवडू देण्याचे दिवस आता जुलैतच येतात.

यंदाच्या १२ जुलैच्या आसपास, फॉर्म कन्फर्म करण्याआधी, एक दिवस मोकळा काढू या. पुण्याजवळ असू तर खडकवासल्याला जाऊ, नाही तर गावाजवळचे धरण, एखादा ओतकामाचा कारखाना, वीज उपकेंद्र, ओळखीतल्या कुणाचे संगणकाचे ऑफिस, जिथे काम चाललेले दिसेल तिथे मुलांना घेऊन जाऊ. त्यांना पाहू द्यावे, तिथल्या माणसांशी बोलू द्यावे, आणि आपण थोडे मागे उभे राहावे. घरी परतल्यावर चहा करावा, फॉर्म उघडून द्यावा, आणि पहिली ओळ त्यांची त्यांना भरू द्यावी.